लाल टेस्टचं तोंड दाबू नका

पोरांनो, मोबाइल खाली ठेवा आणि इकडे बघा. कॅप्सिकमच्या ज्या टेस्ट लाल होत होत्या त्या तुम्ही कमेंट करून टाकल्यात, वर ‘नंतर बघू’ अशी ओळ लिहिलीत आणि सगळं हिरवं झालं म्हणून मला कळवलंत. ही दुरुस्ती नव्हे, लपवाछपवी आहे. तीही सुरक्षेच्या कामात. म्हणून आज ऐकून घ्यावं लागेल.

आधी आपण कशाला हात लावलाय ते समजून घ्या. युनिक्समध्ये प्रोग्रॅम ज्याच्या नावाने चालतो त्याचे सगळे अधिकार त्याला आपोआप मिळतात. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला तुमच्या बँकेची कागदपत्रंही वाचता येतात. केंब्रिज विद्यापीठातले रॉबर्ट वॉटसन आणि जोनाथन अँडरसन, गूगलमधले बेन लॉरी आणि क्रिस केनवे यांनी 2010 साली यावर उपाय म्हणून कॅप्सिकम मांडलं. प्रोग्रॅमने एकदा ‘कॅप एंटर’ची हाक दिली की नुसतं नाव सांगून कुठलीही नवी फाइल उघडणं बंद. आधी उघडलेल्या फाइलींचे आणि डिरेक्टरींचे जे डिस्क्रिप्टर हातात आहेत तेवढेच, आणि त्यांवर जेवढे हक्क ठेवलेत तेवढेच. परतीची वाट नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 9.0 आवृत्तीत हे प्रयोग म्हणून आलं आणि 2014 च्या 10.0 पासून नेहमीच्या कर्नलमध्ये बसलं. उदाहरणार्थ, टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम नेटवर्कवरून येईल ते पॅकेट उलगडून वाचतो. त्याच्या कोडमध्ये चूक असली आणि कोणी मुद्दाम घातक पॅकेट पाठवलं, तर नुकसान तिथल्या तिथे अडवण्यासाठी ही मनाई आहे.

म्हणजे आपल्या टेस्ट नकाराच्या आहेत. हे तुमच्या डोक्यात अजून उतरलेलं नाही. एखादी सोय बिघडली तर वापरणारा दुसऱ्या मिनिटाला ओरडतो. मनाई ढिली झाली तर कोणीच ओरडत नाही, कारण सगळे प्रोग्रॅम आधीसारखेच चालत राहतात. ते भगदाड पहिल्यांदा दिसतं ते चोराला. त्याच्या आधी सांगणारी एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे टेस्ट. आणि तुम्ही नेमकी तिलाच गप्प केलीत.

आता तुमच्या हिरव्या टेस्टकडे येऊ, कारण त्याही धड नाहीत. फाइलवर फक्त वाचण्याचा हक्क ठेवायचा, मग लिहून बघायचं, लिहिणं फसलं पाहिजे, अशी तुमची टेस्ट. मी त्यातली हक्क कमी करणारी ओळच काढून टाकली. टेस्ट तरीही हिरवी! का? फाइल उघडतानाच तुम्ही ती फक्त वाचण्यासाठी उघडली होती. लिहिणं तसंही फसणारच होतं. कर्नलने ‘ईबॅडएफ’ दिला आणि तुम्ही उत्तर उणे एक आलं एवढं पाहून खूश झालात. कॅप्सिकमने हक्क नाकारला की ‘ईनॉटकेपेबल’ येतो, क्रमांक 93. कॅप एंटरनंतर बंद असलेली हाक मारली तर ‘ईकॅपमोड’, क्रमांक 94. नकार मिळाला एवढ्यावर भागत नाही, तो कोणी आणि कशासाठी दिला ते तपासा. फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडा, आधी लिहून दाखवा, मग हक्क काढा आणि तेच लिहिणं अडतं का ते बघा.

दुसरी चूक. कॅप एंटर मागे घेता येत नाही, म्हणून अशी प्रत्येक टेस्ट फोर्क करून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी लागते. तेवढं तुम्ही केलंत. पण त्या प्रोसेसने जाताना कोणता निकाल दिला ते पालक प्रोसेसमध्ये वाचलंच नाहीत. आत टेस्ट फसली तरी बाहेर हिरवंच दिसणार. तिसरी चूक. रूटशिवाय काही टेस्ट चालत नाहीत, त्या वगळल्या जातात. वगळलेल्या टेस्ट तुम्ही पास म्हणून मोजल्यात. जी टेस्ट चाललीच नाही तिचा निकाल सांगायला तुम्हाला लाज वाटायला हवी होती.

हो, एक टेस्ट खरोखर जुनी झाली होती, ते मला मान्य आहे. पूर्वी कॅपेबिलिटी मोडमध्ये, म्हणजे कॅप एंटरनंतर, मार्गात दोन टिंबं आली, म्हणजे वरच्या डिरेक्टरीत जायचं म्हटलं, की सरसकट नकार मिळायचा. पुढे फ्रीबीएसडीने नियम बदलला. हातातल्या डिरेक्टरीच्या आतच राहणार असाल तर वर जायला परवानगी, बाहेर पडणार असाल तर मनाई. जुनी टेस्ट लाल होणारच. पण म्हणून ती पुसायची? तिच्या दोन करायच्या होत्या. आतल्या आत फिरणं चालतं ही एक, बाहेर निसटणं अडतं ही दुसरी. नियम सैल होतो तेव्हा नव्या सीमेवर पहारा आणखी कडक लागतो. तुम्ही तिथला पहाराच उठवलात.

गूगलच्या लोकांनी लिहिलेला कॅप्सिकमच्या टेस्टचा संच बघा. त्यांच्यातल्याच डेव्हिड ड्रायस्डेल यांनी कॅप्सिकम लिनक्सवर आणण्यासाठी मेहनत घेतली. ते काम लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेलं नाही. टेस्टचा तो संच मात्र आज फ्रीबीएसडीच्या स्वतःच्या टेस्टमध्ये चालतो. नीट लिहिलेली टेस्ट अशी टिकते.

तुम्ही सापगावची, शहापूरची, मुरबाडची पोरं. भातसा धरणाचे दरवाजे उघडायची वेळ आली की नदीकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो, सापगावचा पूलही त्यात आला. इशारा देऊनही पाणी चढलं नाही, म्हणून पुढच्या पावसाळ्यात इशाराच नको असं आपल्या गावात कोणी म्हणेल का? मग लाल टेस्ट बंद करायला तुमचा हात कसा धजावला?

रात्र झाली होती, जमा करायची वेळ आली होती, ही कारणं मला सांगू नका. ‘दोन टेस्ट लाल आहेत, कारण सापडलं नाही’ एवढं लिहून आणलं असतंत तर मी तुमच्या शेजारी बसून शोधलं असतं. न कळणं हा गुन्हा नाही. कळलेलं दडवणं हा आहे.

आता काम ऐका. कमेंट केलेली प्रत्येक टेस्ट परत चालू करा. प्रत्येकीसमोर लिहा, बिघाड कर्नलमध्ये आहे, टेस्टमध्ये आहे, की नियम बदललाय. वगळलेल्यांची यादी वेगळी द्या. आणि प्रत्येक हिरव्या टेस्टमधली मनाई स्वतःच्या हाताने काढून तिला लाल करून दाखवा. जी लाल होणार नाही ती टेस्ट नव्हे, ती पुन्हा लिहायची. हे झाल्याशिवाय प्रोजेक्टवर माझी सही मिळणार नाही. उठा, कामाला लागा.