खडू खंय गेलो?

आजीच्या चुनाळ्यातून बोटभर चुना घेऊन बाबांनी तो पाण्यात कालवला आणि रात्रभर ठेवून दिला. सकाळी वरची निवळी परीक्षानळीत ओतली, एक बारीक नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फुंक." फुंकल्यावर चुन्याचा खडू बनून पाणी दुधासारखं झालं. इथवर शाळेत सगळेच करतात. बाबा म्हणाले, "थांबू नको." गाल दुखेपर्यंत फुंकत राहिले, तेव्हा ते दूध हळूहळू विरलं आणि पाणी पुन्हा नितळ झालं. बाबा मालवणच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, घरात मात्र मालवणीच. त्यांनी विचारलं, "खडू खंय गेलो?" मला सांगता आलं नाही. "गेलो नाय," ते म्हणाले, "हंयच आसा."

आज न्यू जर्सीतल्या माझ्या तळघरात 450 लिटरची प्रवाळांची टाकी आहे. (मालवणात असते तर ठेवता आली नसती, भारतात वन्यजीव कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. माझी प्रवाळं इथल्या छांदिष्टांनी टाक्यांतच वाढवलेल्या फांद्यांची आहेत.) टाकीखाली कॅल्शियम रिअॅक्टर आहे. पारदर्शक नळकांड्यात मेलेल्या प्रवाळांच्या सांगाड्यांचे, म्हणजे खडूचेच, तुकडे, त्यातून फिरणारं टाकीचंच पाणी, आणि त्यात सिलिंडरमधून बुडबुड्याबुडबुड्याने सुटणारा कार्बन डायऑक्साइड. पाणी आंबट होतं, सांगाडा विरघळतो, आणि ते पाणी टाकीत गेलं की जिवंत प्रवाळं त्यातून आपला सांगाडा बांधतात. बाबांचा प्रयोग इथे रात्रंदिवस चालू असतो.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी ते परत मागतो. दिसत नाही, पण कुठूनही चाखलं तरी खारटच. बाबांना ही गोष्ट फार प्रिय होती. मला मात्र वर्षानुवर्षं वाटत आलंय की मीठ हा सोपा दाखला आहे. मीठ आपणहून विरतं. हाड विरत नाही. माझ्या टाकीच्या 8.2 पीएचच्या पाण्यात प्रवाळाचा सांगाडा कितीही दिवस पडून राहिला तरी विरघळायचा नाही. आंबटपणा चढावा लागतो.

आणि तो किती, हाच सगळा प्रश्न. पीएचचा प्रोब आधी 7 च्या आणि मग 4 च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करायचा. नळकांड्यातलं पाणी 6.6 च्या आसपास आणायचं. माझी प्रवाळं रोज साधारण 1 डीकेएच अल्कलिनिटी (पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटचं माप) पितात. रिअॅक्टरमधून बाहेर पडणारं पाणी 25 चं, टाकी 8 ची, म्हणजे लिटरमागे 17 ची भर. 450 ला 17 ने भागलं की दिवसाला साधारण 26 लिटर, मिनिटाला 18 मिलिलिटर. घड्याळ आणि मोजपात्र घेऊन मी हे स्टुलावर बसून मोजते. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, बुडबुडे तरी नाहीतर पाणी तरी, आणि मग 24 तास हात लावायचा नाही.

बाबा गेले तेव्हा मी पोचू शकले नाही. अस्थी भावाने मालवणच्या समुद्रात सोडल्या, मी फोनवर पाहिल्या. त्या आठवड्यात मी सिलिंडरचा नीडल व्हॉल्व्ह उघडतच गेले. नळकांड्यातला पीएच 6.2 च्या खाली उतरला, तुकड्यांचा चिखल झाला, बाहेरची नळी तुंबली. ती मोकळी केली आणि प्रवाह कमी न करताच झोपायला गेले. रात्रीत टाकीची अल्कलिनिटी 8 वरून 12 वर गेली. सकाळी अॅक्रोपोरा प्रवाळाचे शेंडे जळाले होते.

माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो असं आपली परंपरा मानते: ऋषींचं अध्ययनाने फेडायचं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने. मला मूल नाही. संततीचं ते वाक्य ज्यांना ऐकवलं गेलंय त्यांना त्याचा भार माहीत आहे. श्राद्धाला आपण पितरांना जेवू घालतो. टाकीपाशी बसून मला दिसतं ते उलटं. गेलेलेच आपल्याला भरवत असतात, आणि प्रवाळ त्यांचं त्यांना परत करत नाही, ते फक्त बांधत जातं. हे ऋण अशानेही फिटतं, असं मी आता मानते. माणसाचं हाड मुख्यतः फॉस्फेटचं, प्रवाळाचं कार्बोनेटचं, हा फरक मला ठाऊक आहे. बाबांच्या अस्थींचं मी इथे काही विरघळवत नाहीये. पण त्यांचा तो प्रश्न मला मिळालाय, आणि तोही एकदम पचला नसता.

सर्वपित्रीला भावाने घरी पान वाढलं. मी संध्याकाळी पाण्याची अल्कलिनिटी तपासली. थेंब मोजत रंग गुलाबी होईपर्यंत. 8.1 आलं. मग टॉर्च घेऊन जळालेली फांदी पाहिली. टोक अजून बोडकंच आहे, पण त्याच्या बाजूने नखाएवढा पांढरा शेंडा फुटलाय. तिथे या घडीला खडू बनतोय, आणि त्याच्या कणाकणामागे कार्बन डायऑक्साइड पाण्यात परत सुटतोय.