'नको' म्हणण्यापेक्षा 'घे' म्हणावे

सज्जनहो, भगवंतांनी गीतेच्या सतराव्या अध्यायात वाचेचेही तप सांगितले आहे. बोलणे खरे, प्रिय नि हितकर असावे, ऐकणाऱ्याला टोचू नये. आपण मात्र घरात सकाळपासून 'हे करू नको, ते धरू नको' चालवतो! 'नको'ने हात रिकामा होतो, आणि रिकाम्या हाताला जुनीच खोड सापडते.

शके 1212 मध्ये (इ. स. 1290) ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या शेवटी माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचे वाकडेपण सुटावे, आणि लगेच सत्कर्माची गोडी लागावी, असे मागितले. माळेचा नियमही तसाच. मद्यमांस वर्ज्य खरे, पण सोबत नित्य हरिपाठ, एकादशी, पंढरीची वारी दिलेली आहे. या देण्याच्या बळावर ते सोडणे टिकते.

कल्याण-डोंबिवलीची चाकरमानी मंडळी पहा. मुंबईच्या गाडीत तासाहून अधिक चेंगराचेंगरी. भांडणाला निमित्त शोधावे लागत नाही! त्याच गर्दीत भजनी मंडळी 'शिव्या देऊ नका' म्हणत नाहीत, 'या माउली, टाळ धरा' म्हणतात. ज्याला माउली म्हटले, त्याला कोपर मारताना लाज वाटते.

म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आईबापांना आम्ही विनवतो. 'खोटे बोलू नको' याऐवजी 'बाळ, घडले तसे सांग, मी ऐकते' असे म्हणा. आणि खरोखर ऐका. खरे सांगून मार बसला, तर ते लेकरू पुन्हा खरे कशाला सांगेल? राम कृष्ण हरि.