तळ्याचा उत्सर्ग

सात बहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांच्या वेढ्यात सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला नवेगावचा जलाशय प्रथमदर्शनी सृष्टीनेच निर्माण केला असावा असे वाटते, आणि 1975 साली त्याच्या सभोवतालच्या वनास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यापासून व 2013 मध्ये नागझिऱ्यासह ते व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाल्यापासून तर हा समज अधिकच दृढ झाला आहे. वस्तुतः अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी या गृहस्थाने डोंगरांमधील वाटा मातीच्या पाळीने बंद करून हे तळे सिद्ध केले, अशी परंपरा आहे, आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही ती नोंदवून ठेवली आहे. हा पाटील पुढे देव झाला. कोलासूर या नावाने त्याचे ठाणे आजही त्या परिसरात पूजिले जाते.

धरण बांधणारा माणूस देवपदास पोहोचावा, ही घटना भाविकास सहज वाटेल आणि बुद्धिवाद्यास हास्यास्पद. मला ती या दोहोंहून निराळ्या कारणासाठी विचारणीय वाटते. लोकोपयोगी काम हे धर्माचे काम आहे काय, आणि असल्यास तो धर्म नेमका कोठे आरंभ पावतो व कोठे संपतो, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. काम पुरे होताच कर्त्याला देव्हाऱ्यात बसविले की त्याचे पूजन करता येते, नवस बोलता येतात, परंतु त्याचे अनुकरण करण्याचे बंधन मात्र उरत नाही. कारण देवाने केले ते माणसाने करावे, अशी अपेक्षा भक्ताकडून कोणीच बाळगत नाही.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलाच नव्हता असे नाही. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट, आणि विहिरी, तळी, देवालये, उपवने, अन्नछत्रे ही पूर्त, असा भेद करून स्मृतिकारांनी पूर्ताचा अधिकार त्रैवर्णिकांपुरता मर्यादित न ठेवता स्त्रीशूद्रांसही दिला, ही गोष्ट महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात सविस्तर मांडली आहे. वेदमंत्रांचे दार ज्यांना बंद होते त्यांना पाण्याच्या द्वारे पुण्याचा मार्ग मोकळा राहिला, यात औदार्य किती आणि सोय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्या पूर्तविधीतील एक अंग माझ्या मते विलक्षण आहे. तळे खोदून झाले म्हणजे त्याचा उत्सर्ग करावयाचा. म्हणजे यजमानाने ते पाणी सर्व भूतांसाठी विधिपूर्वक सोडून द्यावयाचे. त्यानंतर तो त्या पाण्याचा मालक राहत नाही. इतरांप्रमाणे त्यालाही तेथे स्नान करता येईल, पाणी पिता येईल, एवढेच. धन वेचणाऱ्याने आपल्या मालकीवर स्वहस्ते पाणी सोडावे आणि ती मालकी दुसऱ्या कोणाच्या नावे चढूही नये, अशी ही योजना होती. आणि याच परंपरेत असेही वचन आढळते की, मोडकळीस आलेली विहीर, तळे वा देऊळ जो सावरतो, त्यालाही पूर्ताचेच फळ मिळते. म्हणजे शास्त्राच्या हिशेबी जुने राखणारा हा नवे बांधणाऱ्याहून उणा नाही. लोकांनी मात्र ठाणे उभारले ते बांधणाऱ्याचे.

हा विचार कितीही उदात्त असला तरी व्यवहारात तो किती पाळला गेला याची साक्ष महाडचे चवदार तळे देते. सर्व भूतांसाठी सोडलेल्या पाण्यावर गुरे आली, पक्षी आले, आणि माणसांतील काहींना मात्र मज्जाव झाला. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाल्यावर महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांस खुले असल्याचे जाहीर केले होते. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह त्या पाण्यापर्यंत गेले तेव्हा काय झाले, हे सर्वज्ञात आहे. त्या पाण्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयाकडून मिळण्यास 1937 साल उजाडले. म्हणून पूर्ताची थोरवी गाताना माझा आवाज फार चढत नाही.

नवेगावच्या मुलखाकडे पुन्हा वळावे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असता त्याने तेथून कोहळ्यांना आपल्या राज्यात आणले, अशी आख्यायिका रसेल व हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिली आहे. ती खरी असो वा नसो, वैनगंगेच्या खोऱ्यात भात आणि ऊस पिकविणाऱ्या या जातीने तळी बांधण्यात जे नैपुण्य मिळविले त्याबद्दल दुमत नाही. या प्रदेशातील तळ्यांची संख्या साडेसहा हजारांच्या वर भरते, आणि त्यांपैकी बहुतेक आज माजी मालगुजारी तलाव, किंवा लोकांच्या तोंडी नुसते मामा तलाव, म्हणून ओळखली जातात. या नावातच त्यांचा इतिहास आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यप्रांताचा बंदोबस्त झाला तेव्हा सरकारने गावच्या पाटलांस मालगुजार म्हणून जमिनीची मालकी बहाल केली आणि रयतेचे पाणी, सरपण, चराई यांसंबंधीचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या दप्तरात लिहून घेतले. तळ्याचे पाणी हा अनेक गावी निस्ताराचा, म्हणजे गावकऱ्यांच्या नित्य गरजांपुरत्या वापराचा, हक्क ठरला. पुढे 1950 च्या कायद्याने मालगुजारी नष्ट होऊन 1951 पासून तळी सरकारजमा झाली, आणि यथावकाश लहान तळी जिल्हा परिषदेकडे व मोठी पाटबंधारे खात्याकडे गेली. ज्या पाण्यावर आजे-पणजे हक्काने शेत भिजवीत होते त्यावर पाणीपट्टी कशाची, असे लोकांनी विचारावे आणि दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, असे सरकारने विचारावे, हा वाद त्यानंतर बराच काळ रेंगाळला.

मालगुजारांच्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पाळीवर माती चढविणारे हात बहुधा वेठीचे होते आणि त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. परंतु तत्त्वाच्या दृष्टीने पाहता 1951 मध्ये जे घडले ते उत्सर्गाच्या नेमके उलट होते. उत्सर्गात एकाची मालकी विरून पाणी सर्वांचे होते. येथे एकाची मालकी जाऊन ती दुसऱ्याकडे आली, आणि हा दुसरा दूर, अदृश्य व अनेक खात्यांत विभागलेला होता. मालगुजाराचा अन्याय दिसत तरी होता; सरकारी मालकीत अन्यायही दिसत नाही आणि कर्तव्यही. जमीन महसुलाची, पाणी पाटबंधाऱ्याचे, मासळी मत्स्यव्यवसायाची आणि काठावरचे रान वनखात्याचे अशी वाटणी झाल्यावर फुटलेल्या पाळीचे पाप नक्की कोणाच्या माथी बसावे, हे चित्रगुप्तालाही सहज उमगणार नाही.

आणि तळे हे एकदा बांधून निश्चिंत होण्याची वस्तू नव्हे. पाळीवर उगवलेली झाडे तिला आतून पोखरतात, जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या सलंगाची दगडी बांधणी पुराच्या पाण्याने खचते, तुडुमाशी गाळ साचून शेतात पाणी जाण्याची वाट बुजते, आणि हे सारे इतक्या सावकाश घडते की कोणत्याच वर्षी ते संकट म्हणून पुढे येत नाही. नव्या कामाला भूमिपूजन असते, कोनशिला असते, तीवर नाव असते. डागडुजीला यांतले काहीच नसते. धर्माच्या भाषेत बोलावयाचे तर जीर्णोद्धाराचे फळ शास्त्राने मान्य केले, परंतु तळ्याच्या प्रतिवर्षीच्या निगेला सोहळा कोणी लावून दिला नाही. निगा राखणारा म्हणून विस्मृतीच्याच वाट्याला जातो.

अलीकडे सरकारने गाळ काढण्याच्या योजना हाती घेतल्या आहेत, हे योग्यच झाले. परंतु यंत्राने तळ सरसकट खोल उकरला की काठाचा उथळ उतार नाहीसा होतो. आणि देवधानासारखे गवत, पाणवनस्पती, त्यांत अंडी घालणारे मासे व त्यांवर जगणारे पक्षी यांचा संसार त्या उतारावरच असतो. पाणी वाढते आणि तळे ओस पडते. मापन-पुस्तिकेत घनमीटर लिहिता येतात. काय गेले त्याला रकाना नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील धीवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साहाय्याने याच्या अगदी निराळ्या रीतीने काम केले. त्यांनी तळ्यात माजलेली बेशरमाची झुडपे मुळासकट उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ्याचा काठ नांगरला आणि तळ्यातून नाहीशा झालेल्या देशी पाणवनस्पती तेथे पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो, हे ज्ञान पिढीजात मासेमारीतून आलेले होते, आणि त्याला अभियंत्यांच्या अंदाजपत्रकात आजवर जागा मिळाली नव्हती.

हे तळे त्यांच्या मालकीचे नाही. मच्छीमार सोसायटीकडे ते मुदतीच्या ठेक्याने येते, मुदत संपली की लिलाव किंवा नूतनीकरण, आणि पाणी कमी पडले की शेतकऱ्याचा हक्क आधी. आज लावलेल्या वनस्पतीचे फळ पुढच्या ठेकेदारास मिळण्याची शक्यता ठाऊक असूनही त्या स्त्रिया गुडघाभर चिखलात उतरल्या. उत्सर्गासाठी शास्त्राने यजमान कल्पिला तो मुळात मालक होता, म्हणून त्याला काही सोडता आले. ज्यांच्याकडे सोडण्यासारखे काहीच नव्हते त्यांनी केलेल्या या कामाला पूर्त म्हणावे की काय म्हणावे, याचा निर्णय कोणत्याही स्मृतिकाराने दिलेला मला आढळला नाही.