खोट्या शपथेचें लग्न

ज्या पुरुषाचें मन स्त्रीकडे मुळींच ओढ घेत नाहीं, त्यानें केवळ आईबापांच्या समाधानासाठीं लग्न करावें काय? हा प्रश्न कित्येक वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु तो आमच्या दारीं चालून आला, म्हणून येथें मांडणें भाग आहे.

गेल्या पावसाळ्यांत बोईसरचा एक तरुण तारापूरच्या कारखान्यांतील रात्रपाळी उरकून सकाळच्या लोकलनें पालघरास आमच्याकडे आला. बराच वेळ भाताच्या लावणीविषयींच बोलत राहिला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, बाबांनीं मुलगी पसंत केली आहे. पण मी समलिंगी आहें. मला नर्स होऊन इस्पितळांत सेवा करावयाची आहे. बाबा म्हणतात, तें बायकांचें काम. लग्न झालें कीं दोन्ही वेडें उतरतील."

लग्न लावून द्या म्हणजे सर्व सुरळीत होईल, हा सल्ला आपल्या खेडोपाडीं फार जुना आहे. आम्हींही तो पूर्वीं एका घरीं दिला, याची आम्हांस लाज वाटते. त्या सल्ल्यांत वधूला विचारतो कोण? ती माहेर सोडून येते. नवरा दूर दूर राहतो, तेव्हां दोष आपल्या रंगांत आहे कीं हातच्या चवींत, हें ती वर्षानुवर्षें शोधीत बसते. मूल होत नाहीं म्हणून सासू तिलाच बोल लाविते. हें सर्व ठाऊक असून शपथ वदविणारा पाळक कोणत्या तोंडानें आशीर्वाद देणार?

सज्ञान व्यक्तींचा संमतीचा संबंध सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढला. न्यायालय म्हणजे शास्त्र नव्हे, हें आम्ही जाणतों. आणि शास्त्राच्या अर्थाविषयीं पाळकवर्गांतही एकमत नाहीं. पण वेदीपुढें खोटें बोलूं नये, याविषयीं कोणाचें दुमत आहे? अमेरिकेंतील मॉर्मन मंडळी या बाबतींत आपल्याहून सैल नाहीं. समलिंगी विवाह ती आजही मानीत नाहीं. तरी तिचे पुढारी गॉर्डन हिंक्ली यांनीं १९८७ सालीं स्पष्ट सांगितलें कीं, विवाह हा या गोष्टीवरचा उपचार समजूं नये.

नर्स होण्याच्या इच्छेंत तर आम्हांस कांहींच वावगें दिसत नाहीं. (रोग्याची शुश्रूषा बायकांचें काम असेल, तर चांगल्या शोमरोन्याचें काय करावें?)

वडील आईबापांचा मान राखण्याची आज्ञा पुढें करितात. रेव्ह. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंस कित्येक वर्षें पतीपासून दूर काढावीं लागलीं. आपल्यांतील कित्येकांचे आजे-पणजेही आईबापांस दुखवून घराबाहेर पडले. त्यांस आपण कधीं अवज्ञा करणारे म्हटलें नाहीं.

त्या लग्नाची सूचना आम्हीं मंडळींत वाचली नाहीं. वडिलांच्या घरीं दोनदां जाऊन आलों. पहिल्या खेपेस चहा आला नाहीं, दुसऱ्या खेपेस आला. ते अजून उपासनेस येतात, परंतु मागच्या बांकावर बसतात आणि आशीर्वादापूर्वींच उठून जातात.