झाकण मिटताना

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि लाइन गेलेली. बॅटरी वाचावी म्हणून तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटता. तुमच्यापुरतं काम संपलं. आत लिनक्सच्या कर्नलचं, लॅपटॉपला झोपवण्याचं, मात्र आत्ता कुठे सुरू होतंय. घाई न करता त्याच्यासोबत चला.

आधी चालू प्रोग्रॅम जागच्या जागी गोठवले जातात. मग एकेका ड्रायव्हरला, म्हणजे एकेक उपकरण हाताळणाऱ्या कोडला, सांगावा जातो: आता थांब. त्यालाही क्रम आहे. अमरावतीहून निघालेली गाडी वाटेत असताना बडनेऱ्याचं जंक्शन बंद करून कसं चालेल? म्हणून पेन ड्राइव्ह आधी झोपतो, तो ज्याच्या भरवशावर आहे तो यूएसबी कंट्रोलर नंतर. उठताना कंट्रोलर आधी.

आता नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर मन स्थिर करा. नवं काम घेणं त्याने थांबवलं. पण हातातलं? कार्ड डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहीत असतं. ते थांबल्याची खात्री न करताच ड्रायव्हरने मेमरीतली ती जागा सोडून दिली, तर ती दुसऱ्या कुणाला मिळेल आणि कार्ड त्याच्या माहितीवर लिहून जाईल. बिघाड दिसेल तो भलत्याच ठिकाणी, बऱ्याच वेळाने. मला साऱ्या प्रवासात हाच क्षण सर्वांत जोखमीचा वाटतो. इथे रेंगाळा. ‘थांब’ म्हटलं आणि खरोखर थांबलं, यांच्यामधलं अंतर न्याहाळा.

झोपता झोपताच जागं करणारी हाक आली, तर? तर झोप रद्द. जे झोपले त्यांनाही उठवायचं.

लाइन आली. झाकण उघडा. कार्डाची वीज तुटली असेल, तर त्याची रजिस्टरं कोरी झालेली असू शकतात. ड्रायव्हरने ती पुन्हा भरायची. फर्मवेअरही, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, पुन्हा चढवावं लागेल, पण ते ज्या डिस्कवर आहे ती अजून उठली नसेल; म्हणून त्याची प्रत झोपण्याआधीच मेमरीत ठेवलेली बरी.

आणि पेन ड्राइव्ह? कर्नल त्याचा अनुक्रमांक वगैरे ओळखखुणा ताडून पाहतो आणि त्या जुळल्या, की हा तोच ड्राइव्ह आहे असं मानतो. मधल्या वेळात कुणी तो झेरॉक्सच्या दुकानात नेऊन फायली बदलून आणला असेल, तर अनुक्रमांक तोच, आतला मजकूर वेगळा. कर्नलच्या मेमरीत मात्र जुनीच नोंद. तिच्या भरवशावर तो लिहू लागला की फायली बिघडतात. हे ड्रायव्हरला ओळखता येत नाही. झाकण मिटण्याआधी पेन ड्राइव्ह रीतसर अनमाउंट करणं तुमच्याच हातात आहे.