काचेतलं वतन

1941 च्या ऑगस्टात बाबासाहेब आमच्या सिन्नरला आले होते. वतनी जमिनीवर सरकारनं जादा जुडी बसवली, तिच्याविरुद्ध परिषद होती. वतनावरचा त्यांचा राग जुना. 1928 सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलेलं. वतन म्हंजे काय? जमिनीचा एक तुकडा, आणि त्याच्यापायी बाप येसकर, पोरगा येसकर, नातू येसकर. पोटातल्या पोराच्या गळ्यात आधीच काम अडकवलेलं. नाही म्हणायची सोय नाही. 1958 च्या कायद्यानं ते गेलं.

तारापूरच्या अणुकचऱ्याबद्दल वाचताना हे सगळं आठवलं.

तारापूरच्या पहिल्या भट्ट्या 1969 च्या. जळालेल्या इंधनातून कामाचं काढून घेतलं की जहाल पाणी उरतं. 1985 पासून तिथं ते काचेत मुरवतात. हजारेक अंशांवर काचेबरोबर वितळवायचं, पोलादी डब्यात ओतायचं, डबा बंद. आतून तो तापतच राहतो, म्हणून तीसेक वर्षं तरी हवेवर थंड ठेवायचा. पाणी सांडतं, काच सांडत नाही. इथवर शास्त्रज्ञांशी माझं भांडण नाही.

पण पुढं? सीझियम 30 वर्षांत निम्मं होतं. प्लुटोनियम काढून घेतलं तरी थोडं मागं राहतंच, आणि त्याला निम्मं व्हायला 24,000 वर्षं लागतात. शेवटी हे डबे जमिनीत खोल पुरायचे. तसं कोठार भारतात अजून नाही. फिनलंडनं खडकात 400 मीटरहून खोल खोदलंय. त्यांचा हिशोब असा, की नातवंडांवर राखणीचं ओझं नको. पुरलं, मग विसरलं तरी चालेल.

चालेल? 2010 साली दिल्ली विद्यापीठानं कित्येक वर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगारात काढलं. आत कोबाल्ट-60. मायापुरीच्या भंगारात ते फोडलं गेलं, एक कामगार मेला. विसरलं विद्यापीठ, हात भाजले कुणाचे?

म्हंजे लक्षात ठेवायचं तर कुणीतरी पिढ्यान् पिढ्या येसकर. विसरायचं तर ज्याची कुदळ आधी पडेल तो मेला. आणि कुदळ आजवर कुणाच्या हातात राहिली, ते तुम्हाला काय सांगू!

एक दोस्त म्हणाला, अरे, तिथं शिकलेली पगारी माणसं आहेत, वतन कसलं? खरंय. आजचा माणूस नोकरी सोडू शकतो. मी त्याच्याबद्दल बोलतच नाही. माझ्या गिरणीतल्या चात्या विजेवर फिरतात. त्यात थोडी वीज अणूचीही असेल. ती मी वापरली. डबा राखायचा तिसाव्या पिढीनं. वतनात निदान जमिनीचा तुकडा तरी मिळायचा.

झालेला कचरा काचेत घालावाच लागेल, राखावाच लागेल. पण नव्या भट्टीचा कागद पुढं आला, की मी आधी विचारणार: 30 वर्षांनी डबा कुठं नेणार, आणि त्याच्यापाशी कोण बसणार?