विकणाऱ्याच्या वाट्याची हिंसा

कोलकात्याच्या मासळीबाजारात कोई, शिंगी आणि मागूर हे मासे जिवंतच विकले जातात. बंगालीत त्यांना ‘जिओल माछ’ म्हणतात. कल्ल्यांखेरीज थेट हवेतून श्वास घेण्याचे इंद्रिय त्यांना असते, त्यामुळे परातीतल्या दोन बोटे पाण्यातही ते तासन्‌तास तग धरतात. आजारातून उठलेल्याला याच माशांचा पातळ रस्सा देण्याची रीत आहे. गिऱ्हाइकाच्या लेखी मासा वळवळणे हीच ताजेपणाची खूण. बर्फातल्या मासळीला फॉर्मॅलिन लावले असेल, ही धास्ती जिवंत माशाच्या आग्रहात भर घालते. गढूळ डबक्यात जगण्यासाठी मिळालेली शक्तीच बाजारात या जिवाचे हाल लांबवते.

मासे खावेत की नाही, हा वाद बंगालमध्ये फार पूर्वी मिटला. भवदेव भट्ट या जुन्या स्मृतिकारांनी ब्राह्मणांच्या मत्स्याहाराला शास्त्राधार दिला. गोव्या-कोकणातल्या सारस्वतांना त्याचे नवल वाटणार नाही. पण खाण्याला मुभा मिळाली म्हणून मारण्याच्या आणि विकण्याच्या प्रत्येक रीतीला ती मिळत नाही.

भारतीय विचाराने हिंसेचे माप सुरी धरणाऱ्या हातापुरते ठेवलेले नाही. योगसूत्रे तिचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार करतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान्य केलेली. मनुस्मृती संमती देणाऱ्यापासून विकणारा, विकत घेणारा आणि खाणारा यांच्यापर्यंत सर्वांना घातकांत गणते. बुद्धाने उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार येतो. सर्वांत नेमका आहे तो अशोकाचा पाचवा स्तंभलेख. ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, एवढ्यावर तो थांबत नाही. ते विकूही नयेत, असे वेगळे बजावतो. विक्री ही स्वतंत्र कृती आहे, हे त्या राजाने ओळखले होते.

माशाला वेदना होतात का, ही शंका आता फारशी टिकत नाही. जैन परंपरा त्याला पंचेंद्रिय जीव मानतेच. 2003 मध्ये ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचले, तेव्हा त्यांनी खाणे टाकले आणि ओठ खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले.

कोलकात्याच्या पूर्वेला सांडपाण्यावर मासे वाढवणाऱ्या ‘भेरी’ म्हणजे मोठी तळी आहेत. सुमारे 12,500 हेक्टरांच्या या पाणथळ प्रदेशाला 2002 मध्ये रामसर दर्जा मिळाला. भेरीतली मासळी आडतीवर लिलावाला येते आणि तिथून किरकोळ विक्रेत्याकडे जाते. लिलावात वजन आणि ताजेपणा यांचा भाव ठरतो. मासा किती दाटीत वाढला, किती वेळ तडफडला, याची विचारणा होत नाही. या अज्ञानालाच पुढे निर्दोषपणा समजले जाते, आणि ते चूक आहे. माहिती मिळवण्याची ताकद असून ती न मिळवणे हेही अनुमोदनच होय.

ही ताकद मात्र सारखी नसते. फुटपाथवर परात मांडणाऱ्याला भेरीवाल्याला अटी घालता येत नाहीत. करार करून माल घेणाऱ्या दुकानसाखळ्यांना आणि घरपोच मासळी देणाऱ्या कंपन्यांना त्या येतात. ब्रिटनमधील काही सुपरमार्केट मारण्याआधी मासा बेशुद्ध करण्याची अट पुरवठादारांना घालतात. करार करून मागणी नोंदवणाऱ्या खरेदीदाराची हिंसा सरळ ‘कारित’ ठरते.

कोलकात्यात 1861 मध्ये स्थापन झालेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्थेपुढे प्रामुख्याने ओझ्याची जनावरे होती. 1960 च्या केंद्रीय कायद्याने मात्र माणसाखेरीज प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ म्हटले, म्हणजे मासाही त्यात आला. अन्नासाठी मारण्याला त्यात सूट आहे, पण अनावश्यक यातना दिल्यास ती लागू होत नाही. परातीत पुरेसे पाणी ठेवणे आणि खवले काढण्याआधी डोक्यावर एक नेमका घाव घालून मासा मारणे, एवढे तर लहानातल्या लहान विक्रेत्याच्याही हातात असते.